भिक्षूला विष देणारा प्राध्यापक

उंबेर्तो इको हा ग्रंथपालांना छळणारा लेखक आहे. सोलापूरकडच्या ज्या महाविद्यालयातून मी निवृत्त झाले, तिथल्या ग्रंथालयात त्याची मोजकीच पुस्तकं होती, पण ती कधी एका कपाटात आली नाहीत. ड्यूईचं दशांश वर्गीकरण त्याला बधत नाही. मध्ययुगातल्या सौंदर्यविचारावरचं पुस्तक १११.८५ ला, म्हणजे तत्त्वज्ञानात. प्रबंध कसा लिहावा हे सांगणारं ८०८ ला. ‘द नेम ऑफ द रोझ’ ८५३ ला, इटालियन कादंबऱ्यांत. तिथं शेजारी मोराव्हिया होता आणि भरपूर धूळ होती. इंग्रजी विभागातले एक सर इकोच्या चिन्हमीमांसेवर वर्गात शिकवत. कपाटातली ती जाडजूड कादंबरी हातात घेऊन त्यांनी एकदा विचारलं होतं, “मॅडम, हा तोच का?”

हा प्रश्न इटलीतही विचारला गेला. बोलोन्या विद्यापीठातला चिन्हमीमांसेचा प्राध्यापक १९८० मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, खुनांची कादंबरी लिहितो, तिला दुसऱ्याच वर्षी स्त्रेगा पुरस्कार मिळतो, पुढे शॉन कॉनरीला घेऊन तिच्यावर सिनेमा निघतो. तेव्हापासून एक समज रूढ झाला: विद्वान इको वेगळा, संस्कृतीचा इतिहास लिहिणारा वेगळा आणि थरारकथा लिहिणारा आणखी वेगळा, शेवटचं काम म्हणजे पंडिताची सुट्टी. २०१६ मध्ये तो गेला तेव्हा आपल्याकडच्या मृत्युलेखांतूनही हीच वाटणी होती. मला ती मान्य नाही. कागदावर लिहिलेलं माणसं खरं का मानतात, या एकाच प्रश्नामागे इको आयुष्यभर लागला होता. थरारकथेची मजा आणि अफवेची ताकद एकाच यंत्रावर चालते, हे त्याला कादंबरी लिहिण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. ते नुसतं सांगून पटणारं नव्हतं. वाचकाला त्या यंत्रात बसवून फिरवावं लागणार होतं.

१९३२ मध्ये पिएमाँतमधल्या आलेस्सांद्रिया गावी जन्मलेला हा मुलगा १९५४ मध्ये तुरीन विद्यापीठातून बाहेर पडला तो थॉमस अक्वायनसच्या सौंदर्यविचारावर प्रबंध लिहून. असा पदवीधर आपल्याकडे नेट-सेटच्या रांगेत उभा राहिला असता. इको गेला दूरचित्रवाणीत. ‘राय’ या सरकारी वाहिनीचं नियमित प्रसारण त्याच वर्षी सुरू झालं होतं. तिथं त्यानं जवळून पाहिला माइक बोंजोर्नो, अमेरिकन धर्तीवरच्या प्रश्नमंजूषेचा सूत्रसंचालक, अख्ख्या इटलीचा लाडका. १९६१ मध्ये इकोनं त्याच्यावर निबंध लिहिला आणि एखाद्या तत्त्ववेत्त्याला लावावीत तशी तत्त्वज्ञानाची हत्यारं या माणसाला लावली. त्याचा निष्कर्ष असा, की बोंजोर्नो लोकांना आवडतो कारण तो कुणालाच आपल्याहून कमी असल्याची जाणीव करून देत नाही. त्याच्यापुढे प्रत्येक प्रेक्षक शहाणा ठरतो. निबंध विनोदी आहे आणि गंभीरही. या दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या असतात हे इकोला कुणी शिकवलंच नसावं.

१९६४ च्या एका पुस्तकात त्यानं लोकप्रिय संस्कृतीकडे बघणाऱ्या विचारवंतांचे दोन तट सांगितले. एकांना सगळं रसातळाला चाललेलं दिसतं, दुसऱ्यांना जे खपतं ते सगळं गोड लागतं. इको दोघांवरही वैतागलेला आहे. त्याची तक्रार साधी होती: वाचा तरी. सुपरमॅनची कॉमिक वाचा, चार्ली ब्राऊन वाचा, मग बोला. सुपरमॅनवरचा त्याचा निबंध मला आजही ताजा वाटतो. हा वीर म्हातारा होऊ शकत नाही, लग्न करू शकत नाही, कारण घडलेल्या गोष्टीचा परिणाम उरला तर पुढच्या आठवड्याचा अंक निघणार नाही. म्हणून काळच थांबवावा लागतो.

आपल्याकडे हे दोन्ही तट आहेत आणि मी दोहोंच्या मधे बसून नोकरी केली. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची संख्या हजारावर जाते. झुंजार आणि काळापहाड वाचत मोठे झालेले प्राध्यापक मला ठाऊक आहेत. चहा पिताना ते धनंजय-छोटूच्या गोष्टी रंगवून सांगत. त्याच प्राध्यापकांपुढे ग्रंथखरेदीची यादी गेली की रहस्यकथांवर लाल रेघ यायची. “विद्यार्थी वाचतीलच हो, आपण कशाला ठेवायची?” ज्या पुस्तकांनी मराठी माणसाला वाचायची सवय लावली, ती अभ्यासाचा विषय होऊ शकतात हे म्हणायला आम्हाला भीड वाटत होती. इकोला ती वाटली नाही, याचं श्रेय थोडं इटलीतल्या वातावरणाला आणि बरंचसं त्याच्या नोकरीला द्यायला हवं. १९५९ पासून तो मिलानच्या बोम्पियानी प्रकाशनात संपादक होता. पुस्तक विकत घेणारा माणूस कसा दिसतो हे त्याला माहीत होतं.

आता जेम्स बाँडकडे येते, कारण माझ्या मते इकोच्या सगळ्या कादंबऱ्यांचं बी तिथं आहे. १९६५ मध्ये बाँडवर विद्वानांच्या लेखांचा एक संग्रह निघाला. त्यात इकोनं फ्लेमिंगच्या कादंबऱ्या घड्याळजीसारख्या उघडून पाहिल्या. बाँड आणि त्याचा वरिष्ठ एम, बाँड आणि खलनायक, खलनायक आणि स्त्री, निष्ठा आणि फितुरी अशा विरोधी जोड्या त्यानं मांडल्या, एकूण चौदा. मग कथेच्या खेळ्या लावल्या: एम काम देतो, खलनायक समोर येतो, बाँडला पकडतो, छळतो, बाँड सुटतो. क्रम मागेपुढे होतो, सोंगट्या त्याच. वाचकाला शेवट आधीपासून ठाऊक असतो. मग उत्कंठा कसली? इको सांगतो, ठाऊक असलेलं पुन्हा घडताना बघण्याची. नवं काही नको असणं हाच इथला आनंद आहे.

त्याच लेखात एक बारीक निरीक्षण आहे. ‘गोल्डफिंगर’मध्ये गोल्फचा सामना पानंच्या पानं चालतो, हजारो मैलांच्या करामती मात्र चार-दोन पानांत उरकतात. असं का? फोर्ट नॉक्सचा खजिना वाचकानं कधी लुटलेला नसतो. मोटार, सिगारेट, पत्ते, गोल्फ या गोष्टी त्याच्या ओळखीच्या असतात किंवा आवाक्यातल्या वाटतात. फ्लेमिंग ओळखीचं सावकाश सांगतो, म्हणजे अशक्यही त्याच दमात पचून जातं. आणि खलनायक? तो नेहमी परका, मिश्र रक्ताचा, काहीतरी विकृत दिसणारा. इको म्हणतो की इथं फ्लेमिंगला द्वेष करण्याचीही गरज नाही. वाचकाच्या मनात जो पूर्वग्रह तयार बसलेला आहे तो उचलून त्यानं खुर्चीवर बसवला, की खलनायक झाला. हे वाक्य-दोन वाक्यांचं निरीक्षण पंचेचाळीस वर्षांनी पाचशे पानांची कादंबरी होऊन परत येतं. त्याकडे मी येईन.

मधे एका पाद्र्याची गोष्ट सांगितली पाहिजे. १९७७ मध्ये इकोनं विद्यार्थ्यांसाठी प्रबंध कसा लिहावा याचं पुस्तक लिहिलं. मी ते ग्रंथपालांच्या प्रत्येक प्रशिक्षणात लावलं असतं. झेरॉक्स काढून ठेवली की वाचल्यासारखं वाटतं आणि मग वाचणं राहूनच जातं, हा इशारा त्यानं त्या काळात दिला आहे. आमच्या झेरॉक्स मशीनपुढची परीक्षेच्या आठवड्यातली रांग आठवून मला हसू येतं. त्याच पुस्तकात विद्येतल्या नम्रतेवर एक मजकूर आहे. इको सांगतो, अक्वायनसवर काम करत असताना पॅरिसमध्ये त्यानं वाले नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या पाद्र्याचं एक क्षुल्लक पुस्तक उचललं, ते बांधणी आवडली म्हणून, आणि ज्या कोड्यात तो अडकला होता त्याची किल्ली तिथं सापडली. म्हणून कुठलंही पुस्तक तुच्छ मानू नये. तीन वर्षांनी ‘द नेम ऑफ द रोझ’ची प्रस्तावना आली. तिच्यात ज्या पुस्तकातून ही सारी कथा मिळाल्याचं इको भासवतो, त्याच्या भाषांतरकाराचं नाव आहे आबे वाले! एका समीक्षकानं ही जुळणी पकडली, तेव्हा इकोनं वालेचं जुनं पुस्तक पुन्हा काढून पाहिलं. तो विचार तिथं तसा नव्हताच. वाचता वाचता तो इकोच्याच डोक्यात आला होता आणि श्रेय त्यानं वालेच्या नावावर टाकलं होतं. हेही त्यानं प्रबंधाच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत लिहून टाकलं. विद्वान कुठं संपला आणि कथाकार कुठं सुरू झाला ते इथं दाखवता येत असेल तर कुणीतरी दाखवावं.

‘द नेम ऑफ द रोझ’ लिहायला १९७८ च्या मार्चमध्ये सुरुवात झाली. कारण विचारलं तर इको म्हणायचा, मला एका भिक्षूला विष घालायचं होतं. गोष्ट १३२७ च्या नोव्हेंबरअखेरची. उत्तर इटलीतल्या डोंगरावरचा मठ, सात दिवस, एकामागून एक मरणारे भिक्षू, आणि तपासाला आलेला इंग्रज फ्रान्सिस्कन विल्यम ऑफ बास्करव्हिल. बास्करव्हिल हे नाव कुठून आलं ते शेरलॉक होम्सच्या मराठी वाचकालाही सांगायला नको. मला जास्त आवडतो तो डुकरांचा हिशेब. कादंबरीत एक प्रेत डुकराच्या रक्तानं भरलेल्या रांजणात सापडतं. डुकरं मारतात थंडीत. पण त्या वेळच्या खऱ्या इतिहासातल्या एका माणसाला डिसेंबरात आव्हिन्यों शहरी पोचायचं असल्यामुळे कथा नोव्हेंबरातच संपवणं भाग होतं. मग नोव्हेंबरात एवढी थंडी कुठं पडेल? उंच डोंगरावर. म्हणून मठ डोंगरावर गेला. इतिहासाची तारीख, खाटकाचं वेळापत्रक आणि खुनाची जागा एकमेकांना अशी बांधलेली आहेत. इकोनं मठाचे नकाशे काढले होते. दोघं बोलत चालले असतील तर संवाद तेवढाच लांब, जेवढं अंतर. मराठी ऐतिहासिक कादंबरीत मावळे बोलता बोलता एका परिच्छेदात दोन घाट उतरतात तेव्हा मला याची आठवण होते.

कादंबरीच्या सुरुवातीला विल्यम एक चमत्कार करतो. मठातला घोडा पळालेला. कुणी न सांगता विल्यम त्याचं वर्णन करतो, तो कुठं गेला ते सांगतो आणि नावही सांगतो. होम्सची नक्कल वाटते, पण हा प्रसंग आणखी मागे, व्होल्तेरच्या ‘झादिग’पर्यंत जातो. आणि १९८३ मध्ये इकोनं थॉमस सेबिओकबरोबर द्युपँ आणि होम्स हे कथांमधले हेर आणि अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स यांच्या तर्कपद्धतीवर निबंधसंग्रह संपादित केला, तेव्हा त्यातल्या स्वतःच्या निबंधात त्यानं झादिगच्याच घोड्याचा तर्क सोडवून दाखवला. आधी कथा, मग शास्त्र.

शेवट सांगते, कादंबरीला चार दशकं उलटून गेली आहेत, राग धरू नये. विल्यमला वाटतं की खून बायबलमधल्या प्रलयाच्या कर्ण्यांच्या क्रमानं होत आहेत. त्या धाग्यानं तो खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोचतो. पण तसा क्रम नव्हताच. काही मृत्यू योगायोगाचे, एक आत्महत्या, काहींचे मारेकरी निराळे. चुकीच्या आराखड्यावरून बरोबर माणूस सापडला. उलट तो आराखडा गुन्हेगाराच्या कानावर गेल्यावर त्यालाही वाटू लागतं की हे देवच घडवतो आहे. होम्सच्या कुळात जन्मलेला हेर शेवटी हतबुद्ध होऊन उभा राहतो आणि वाचक, ज्यानं सहाशे पानं तोच आराखडा आपणही मनात रचलेला असतो, तोही. हे व्याख्यानात सांगता आलं असतं का? आलं असतं, आणि सगळ्यांनी माना डोलावून चहाला गर्दी केली असती.

गुन्हेगार आमच्या पेशातला आहे याचं मला वाईट वाटतं. होर्हे हा आंधळा म्हातारा भिक्षू पदावर नसूनही ग्रंथालयाची सगळी सूत्रं हलवतो. मठाच्या ग्रंथसूचीत पुस्तकं ज्या क्रमानं आली त्या क्रमानं लिहिलेली आहेत. आम्ही ज्याला ॲक्सेशन रजिस्टर म्हणतो तेच. विषयवार काही नाही. म्हणजे कुठलं पुस्तक कुठं आहे ते फक्त ग्रंथपालाला माहीत. असे ग्रंथपाल मी पाहिले आहेत, त्यांना ॲरिस्टॉटल लपवायचा नव्हता एवढंच. होर्हे लपवतो तो ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’चा हरवलेला दुसरा भाग, विनोदावरचा. हसण्याला तत्त्वज्ञाचा आधार मिळाला तर भीती संपेल आणि भीती संपली तर धर्म, असा त्याचा हिशेब. पानांना त्यानं विष लावून ठेवलं आहे. जो बोटाला थुंकी लावून पानं उलटेल तो मरेल. थुंकी लावू नका म्हणून वाचकांवर जन्मभर ओरडलेल्या बाईला हा खून वाचताना जे वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण ही गंमत बाजूला ठेवली तर होर्हे घाबरवणारा आहे, कारण त्याचं पुस्तकांवर प्रेम आहे. तो अडाणी नाही. ते पुस्तक त्यानं वर्षानुवर्षं नष्ट केलं नाही, कुलपात ठेवलं. २००४ च्या ५ जानेवारीला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर जमाव चालून गेला, कपाटं उलथली, पोथ्या फेकल्या. ते हल्लेखोर बाहेरून आले होते आणि त्यांना ओळखणं सोपं होतं. इकोचा शत्रू आत, वाचनकक्षात बसलेला असतो. आणि हो, ५ जानेवारी हा इकोचा वाढदिवस. त्या दिवशी तो बहात्तर वर्षांचा झाला. या जुळणीत काहीतरी अर्थ आहे असं क्षणभर वाटलं ना? वाटतंच.

त्या क्षणावरच इकोनं १९८८ मध्ये ‘फुकोज पेंड्युलम’ लिहिली. मिलानमधल्या एका प्रकाशन संस्थेत तिघे संपादक काम करतात. एकाच मालकाच्या दोन संस्था: एका दारात गारामोंद, प्रतिष्ठित, दुसऱ्या दारात मानुत्सिओ, जिथं हौशी लेखकांकडून पैसे घेऊन त्यांची पुस्तकं छापली जातात आणि त्यांना थोर म्हणवून घ्यायला शिकवलं जातं. मराठीतल्या स्वखर्चानं निघालेल्या काव्यसंग्रहांचे प्रकाशनसोहळे ज्यांनी पाहिलेत, त्यांनी ही प्रकरणं चुकवू नयेत. गुप्त पंथ, टेम्पलर योद्धे, जगाला चालवणाऱ्या अदृश्य मंडळ्या यांवरच्या हस्तलिखितांना कंटाळून हे तिघे स्वतःच एक महाकट रचतात. अबुलाफिया नावाच्या संगणकात असंबद्ध गोष्टी टाकायच्या आणि जोडत बसायचं. सगळं जुळतं. जुळणारच, कुठल्याही दोन गोष्टी जुळतात. मग ज्यांच्यासाठी थट्टा केली ते लोक खरंच त्या कटावर विश्वास ठेवतात आणि माणसं मरू लागतात.

साऱ्या महाकटाचा पाया असतो फ्रान्समधल्या प्रोव्हँ गावी सापडलेला एक फाटका कागद. नायकाची जोडीदारीण लिया तो कागद शांतपणे वाचते आणि म्हणते, ही व्यापाऱ्याच्या मालाची यादी आहे. गवत, कापड, फुलं. पेंड्युलममध्ये सगळ्यात शहाणं माणूस ही बाई आहे. नायकाचं नाव काझोबाँ. याच नावाच्या खऱ्या विद्वानानं १६१४ मध्ये दाखवून दिलं होतं की इजिप्तमधलं अतिप्राचीन ज्ञान म्हणून मिरवणारे हर्मेटिक ग्रंथ त्या मानानं फार उशिराचे आहेत. या कादंबरीनंतर, १९९० मध्ये, इकोनं केंब्रिजला अर्थ लावण्याच्या मर्यादांवर व्याख्यानं दिली. वाचकाला मोकळं सोडा असं १९६२ मध्ये सांगणारा हा माणूस आता म्हणत होता की मोकळीक आहे, पण पुस्तकालाही काही हक्क आहेत. समीक्षकांनी याला घूमजाव म्हटलं. मला वाटतं, पेंड्युलम लिहिताना त्यानं मोकळ्या सुटलेल्या वाचकाचं टोक पाहिलं होतं. पुढे डॅन ब्राऊनची पुस्तकं धडाधड खपू लागली तेव्हा इको गंमतीनं म्हणाला की हा माझ्याच कादंबरीतून बाहेर आलेला माणूस आहे.

सौंदर्याचा इतिहास, कुरूपतेचा इतिहास, याद्यांचा इतिहास ही त्याची चित्रांनी भरलेली जाड पुस्तकं भेट द्यायला छान आहेत; मी त्यांच्याबद्दल फार बोलणार नाही. सांस्कृतिक इतिहासकार म्हणून त्याचं खरं काम मला दिसतं ते एका बनावट दस्तऐवजाच्या वंशावळीत. ‘झिऑनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल’ नावाचा कागद, ज्यात ज्यू पुढारी जग ताब्यात घ्यायचा बेत सांगताहेत असं भासवलं आहे, तो १९०३ मध्ये रशियातल्या एका वृत्तपत्रात छापून आला आणि १९०५ मध्ये एका धार्मिक पुस्तकाला जोडून निघाला. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चे बातमीदार फिलिप ग्रेव्ज यांनी सिद्ध केलं की त्यातला मोठा भाग मॉरिस जोलीच्या १८६४ च्या पुस्तिकेतून उचललेला आहे. जोलीच्या पुस्तिकेत ज्यूंचा संबंधच नाही. नरकात माकियाव्हेली आणि माँतेस्क्यू बोलतात आणि टोले बसतात तिसऱ्या नेपोलियनला. त्यासाठी जोली तुरुंगात गेला.

इथवर इतिहासकारांना ठाऊक होतं. इको पुढे गेला, कारण त्यानं ती पुस्तकं वाचली होती जी इतिहासकार वाचत नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वृत्तपत्रांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्या हा त्याचा जुना विषय. युजीन स्यूवर त्यानं साठच्या दशकातच लिहिलं होतं. जोलीनं काही मजकूर या स्यूच्याच कादंबरीतून घेतला आहे हे त्यानं दाखवलं. स्यूकडे कट करणारे होते जेझुइट. दुसरी शाखा द्यूमाची: ‘जोझेफ बाल्सामो’च्या आरंभी एका डोंगरावर रात्री फ्रीमेसनांचे प्रमुख जमतात आणि क्रांतीचा बेत ठरतो. १८६८ मध्ये हर्मान गोएडशे नावाच्या प्रशियन माणसानं, जो पूर्वी पोलिसांसाठी खोटी पत्रं बनवत असे, आपल्या कादंबरीत तेच दृश्य प्रागच्या ज्यू दफनभूमीत नेऊन ठेवलं. पुढे ते प्रकरण कादंबरीतून सुटं झालं आणि खरा वृत्तांत म्हणून फिरू लागलं. जेझुइट गेले, मेसन आले, नेपोलियन आला, ज्यू आले. खुर्च्या त्याच, माणसं बदलली. ज्या दस्तऐवजानं पुढे नाझींच्या हाती दारूगोळा दिला त्याचे आजे-पणजे रविवारी चहाबरोबर वाचायच्या थरारक कादंबऱ्या होत्या.

हे इकोनं हार्वर्डच्या व्याख्यानांत सांगितलं. ती १९९४ मध्ये पुस्तकरूपानं आली. व्याख्यान उत्तम आहे. तरी त्याचं समाधान झालं नसावं. २०१० मध्ये ‘द प्राग सिमेटरी’ आली. सिमोनिनी हा पॅरिसमधला खादाड, बायकांना घाबरणारा, सगळ्यांचा द्वेष करणारा नकली कागद बनवणारा. मुख्य पात्रांत तेवढा एक काल्पनिक, बाकी जवळजवळ सगळे इतिहासातले. ज्याला जो कट हवा तो तो विकतो: पिएमाँतच्या हेरांना, फ्रेंचांना, रशियनांना. धंद्याचं त्याचं तत्त्व म्हणजे बाँडवरच्या निबंधातला मुद्दा: गिऱ्हाइकाला नवी बातमी विकू नये. त्याला जे आधीच ठाऊक आहे तेच दाखवावं, म्हणजे तो पैसे देतो आणि विश्वासही ठेवतो. हिटलरनं तर प्रोटोकॉल बनावट आहेत ही ओरडच त्यांच्या खरेपणाची खूण मानली होती. अशा वाचकापुढे ग्रेव्ज यांचा पुरावा काय करणार?

या कादंबरीवर रोमच्या मुख्य रबायनी आक्षेप घेतला, व्हॅटिकनच्या वृत्तपत्रातूनही टीका झाली. म्हणणं असं, की शेकडो पानं हा द्वेष वाचून कच्चा वाचक त्यातच रंगून जाईल. आपल्याकडच्या इकोभक्तांनी हा आक्षेप हसण्यावारी नेला. मी नेणार नाही. सिमोनिनी रंगतदार आहे, त्याच्या जेवणाची वर्णनं तोंडाला पाणी आणतात, आणि त्याला उलट बोलणारी लिया या पुस्तकात नाही. इको वाचकाला यंत्रात बसवतो ते ठीक. पण पेंड्युलममध्ये त्यानं उतरायला एक दार ठेवलं होतं, इथं ते वाचकाला स्वतः शोधावं लागतं. विद्वानाला आपले वाचक आपल्याइतकेच वाचलेले आहेत असं वाटू लागण्याचा हा धोका आहे. जहाजावर अडकलेल्या माणसाच्या ‘द आयलंड ऑफ द डे बिफोर’मध्ये त्याच धोक्यानं कथा बुडवली, ती मी दोनदा सोडली. २०१५ ची ‘नुमेरो झेरो’ उलट फार पातळ निघाली. कधीच न छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्राची कल्पना झकास आणि माणसं पुठ्ठ्याची.

तरीही एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलं तर मी ‘द प्राग सिमेटरी’च देते, रोझ नाही. फक्त आधी हार्वर्डच्या व्याख्यानांतलं शेवटचं व्याख्यान वाचून ये म्हणते. तीस-चाळीस पानं आहेत, एका बैठकीत होतं. मग कादंबरी वाचताना कुठला धागा कुणाकडून चोरला ते मुलाला ओळखू येत राहतं आणि सिमोनिनीच्या ताटावर बसला तरी तो जेवत नाही. मागच्या वर्षी ज्या मुलीला असं दिलं होतं, तिनं पुस्तक परत आणलं तेव्हा वडिलांच्या मोबाइलवर आलेला एक लांबलचक संदेश मला दाखवला. त्यातल्या गुप्त बैठकीचं वर्णन तिनं पेन्सिलीनं वहीत उतरवून घेतलं होतं आणि शेजारी द्यूमा, गोएडशे अशी नावं लिहून बाण काढले होते. काही बाण चुकीचे होते. ते आम्ही दोघींनी बसून खोडले.